मन्मथ माइतीची बायको

"तिच्या हातचं पाणी मला नको!"

अंगणात जमलेल्या माणसांच्या माना गर्रकन वळल्या. सहा वर्षांचा तुरुंगवास भोगून शेतकऱ्यांचा पुढारी मन्मथ माइती आज आपल्या गावी, हरिणखालीत परतला होता. बांधापासून घरापर्यंत लाल निशाणं, शंखांचा नाद, बायकांनी जीभ हलवून केलेला मंगल उलुध्वनी... आणि पाय धुवायला तांब्या घेऊन पुढे आलेल्या निस्तारिणीकडे, स्वतःच्या लग्नाच्या बायकोकडे, त्यानं असं पाहिलं, जणू जमीनदाराचा लाठीवाला गुंडच समोर उभा आहे!

"अहो, इतक्या वर्षांनी आलात... निदान आत तरी या..."

"खाडीतल्या कोळ्याच्या होडीत मी लपलोय, हे दोघींनाच ठाऊक होतं. आईला आणि तुला. आई का मला पकडून देईल? माझ्या धाकट्या भावाला, सुधन्यला, तू पोटच्या पोरासारखं वाढवलंस... त्याला पोलिसांकडून सोडवायला मला विकलंस!"

दाराआड सासू, क्षीरोदा, खांबाला धरून उभी होती. तिच्या डोळ्यांतली ती केविलवाणी याचना... निस्तारिणीनं मान खाली घातली. लोकांना तेवढंच पुरलं.

"फितूर!" गर्दीतून कुणीतरी थुंकलं.

फितूर! आणि ती कोण होती? सहा वर्षांपूर्वीच्या कापणीच्या हंगामात 'पिकाचे तीन वाटे, दोन कसणाऱ्याचे' म्हणत सुंदरबनाचा तो सारा मुलूख पेटला, तेव्हा केरसुण्या आणि विळे घेऊन पोलिसांच्या बंदुकांसमोर उभ्या राहिलेल्या बायकांची ती पुढारी होती! मन्मथ सापडेना म्हणून पोलिसांनी त्याच्या धाकट्या भावाला, सुधन्यला, उचललं. तिसऱ्या दिवशी क्षीरोदा एकटीच ठाण्यावर गेली. दुपारी सुधन्य घरी आला आणि संध्याकाळी मन्मथच्या हातात बेड्या पडल्या.

"बौमा, त्यांनी माझ्या पोराची नखं उपटली गं!" सुनेच्या पायांवर कोसळत ती म्हातारी हंबरली होती. "एकाला तुरुंगात तरी जिवंत ठेवतील, दुसऱ्याला मारून खाडीत टाकणार होते... मी काय करू? मनूला सांगू नकोस. तो मला पुन्हा आई म्हणणार नाही!"

निस्तारिणीनं शब्द दिला. संशय आपल्यावर येईल, हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. कारण संशय घेणारा मन्मथ होता... तिचा मन्मथ!

परतल्या दिवसापासून तो खाडीपलीकडे किसान समितीच्या कचेरीत राहू लागला आणि हळूहळू साऱ्या जिल्ह्याचा पुढारी झाला. सुधन्य कलकत्त्याला तागाच्या गिरणीत गेला, तो फिरकलाच नाही. बायकांच्या समितीतून निस्तारिणीचं नाव कमी झालं, भाताच्या लावणीला तिला कुणी सोबत घेईना. त्यानंतर अकरा वर्षं ती दुसऱ्यांच्या बांधावरून एकटी चालली आणि घरी येऊन सासूला भात भरवत राहिली.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी क्षीरोदाचा श्वास अडखळू लागला. तिनं मुलाला बोलावून घेतलं.

"मनू... ठाण्यावर मी गेले होते. बौमा नाही... मी!"

मन्मथनं आईचा हात हातात घेतला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. "आई... आई गं!" ते ऐकतच म्हातारीनं डोळे मिटले.

स्मशानातून परतल्यावर तो निस्तारिणीपुढे उभा राहिला. "तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?" अकरा वर्षांचा बांध फुटला! "दोन कुळं भांडली तर दोघांचं ऐकल्याशिवाय तुम्ही निवाडा देत नाही. अहो, जमीनदाराचंसुद्धा ऐकून घेता! मला एकदा, एकांतात, विचारलं असतंत 'निस्तारिणी, हे खरं का'... आईंनी मला नाही फसवलं. त्या आई होत्या. फसवलंत तुम्ही!"

"मी उद्याच साऱ्या गावाला सांगतो."

"आईंचं नाव घेतलंत तर याद राखा! त्यांची चिता अजून निवली नाही."

श्राद्ध उरकलं. कापणीच्या सकाळी सारा गाव बांधावर जमला. कापणी अडवायला समोरच्या पिकाआड जमीनदाराची माणसं लाठ्या घेऊन उभी होती. मन्मथ बोलायला उभा राहिला, पण घोषणा त्याच्या तोंडून फुटेना.

"मला पकडून दिलं ते निस्तारिणीनं नाही. कुणी दिलं ते मला कळलंय, आणि ते नाव माझ्याबरोबरच जळेल. पण एका निरपराध बाईला मी चौकशीशिवाय शिक्षा दिली... ज्याला घरात न्याय करता आला नाही, त्यानं तुमच्या पुढे चालू नये."

तो रांगेतून बाजूला झाला. मग बायकांच्या समितीची गोलापी, जिनं निस्तारिणीचं नाव खोडलं होतं, रडत पुढे आली. "दीदी, माझ्या हाताला लकवा भरो! पण समोर लाठ्या आहेत गं... आज आमच्या पुढे कोण?"

निस्तारिणीनं डोळे पुसले, पदर कमरेला खोचला आणि गोलापीच्या हातातला विळा घेतला.

"मी येऊ बरोबर?" मन्मथनं हलक्या आवाजात विचारलं.

तिनं वळूनही पाहिलं नाही. "मागून या. आणि आज मी सांगेन तसं चालायचं."

"बरं," जिल्ह्याचा पुढारी म्हणाला, आणि बायकांच्या सगळ्यात शेवटच्या ओळीत जाऊन उभा राहिला.