परसातला काळा चौकोन

त्यांची पहिली नजरानजर टीव्हीवर झाली.

उल्हासनगर कॅम्प एकमधलं ते दुकान जेमतेम दहा फूट रुंद. छताला वीस-पंचवीस कॅमेरे टांगलेले आणि समोरच्या भिंतीवर एक मोठा पडदा. पडद्याचे सोळा तुकडे, आणि सोळाही तुकड्यांत नूतन... कुठे पाठमोरी, कुठे डोक्यावरून, कुठे नुसती ओढणी. इतक्या बाजूंनी तिने स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. खालच्या एका तुकड्यात तिच्या मागे, खांद्यावर वायरचं भेंडोळं घेतलेला एक तरुण उभा होता. तो पडद्याकडे बघत होता, म्हणजे तिच्याकडेच. तिने त्याला बघताना पाहिलं, त्याने तिला पाहताना पाहिलं... आणि दोघांपैकी कुणीच मान वळवली नाही.

"आठ का सेट लेलो बहनजी," शेठ म्हणाला. "पूरा घर कव्हर. आजकल चोरी बहोत है."

"चोरासाठी नकोत," नूतन म्हणाली. "वडिलांसाठी हवेत."

शेठला कळलं नाही.

"ते घरातून निघून जातात," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मग परत कसं यायचं ते विसरतात. दोनदा झालं असं. मी शाळेत क्लार्क आहे, सकाळभर घरी नसते."

"बैठं घर आहे का, मॅडम?" मागून आवाज आला. "पुढे ओटा, मागे परस?"

"हो. बदलापूर गावात."

"मग चार पुरे. आठ घेऊन काय कोंबड्या मोजणार?"

"प्रमोद, तू मेरा आदमी है या कस्टमर का?" शेठ ओरडला.

"आज कस्टमरचा, शेठ. त्यांच्या वडिलांचा मामला आहे."

नूतनने तेव्हा मान वळवली. पडद्यावर दिसत होता त्यापेक्षा तो बराच सावळा होता, आणि बराच लाजलेला.

रविवारी तो शिडी घेऊन आला. ओट्यावर खुर्चीत हरिचंद्रबाबा बसले होते. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोन हाय रं तू?"

"प्रमोद, बाबा. विठ्ठलवाडीहून आलोय."

"बांधावर गेलतास? पानी किती हाय?"

प्रमोदने नूतनकडे पाहिलं. तिने हलकेच मान हलवली. शेत विकून बारा वर्षं झाली होती. तिथे आता सात मजली सोसायटी उभी होती.

"घोट्याइतकं आहे, बाबा," प्रमोद म्हणाला. "बांध शाबूत आहे."

बाबांच्या चेहऱ्यावरची काळजी उतरली. नूतन घाईने आत गेली. चहा ठेवायचा होता, एवढंच काही कारण नव्हतं.

कॅमेरा लावण्याची एक रीत असते. एकाने शिडीवर चढून कॅमेरा फिरवायचा आणि दुसऱ्याने समोर उभं राहायचं. माणूस नीट दिसला की स्क्रू घट्ट करायचा. त्या दिवशी दुसरी नूतनच होती.

"एक पाऊल मागे... अजून थोडं... दिसताय."

"किती दिसतेय?"

"कमरेपर्यंत. फाटकाला हात लावा जरा. हां."

"आता?"

"आता हसताना दिसताय."

"हे कॅमेऱ्यासाठी सांगायची गरज होती का?"

"नव्हती," तो म्हणाला आणि स्क्रू घट्ट करताना त्याच्या हातून पाना खाली पडला.

नूतनचा मोठा भाऊ धर्मेश अंबरनाथहून आला होता. तिकडे कंपनीत सुपरवायझर होता, आणि बहिणीकडेही तो सुपरवायझरच्याच नजरेने बघायचा. कॅमेऱ्यांचं अॅप त्याने स्वतःच्या फोनवरही घेतलं. आवाज ऐकू येणारेच कॅमेरे हवेत, असाही त्याचाच हट्ट. "परसही दिसायला पाहिजे," तो म्हणाला. "एक कोपरा सुटता कामा नये. घरात एकटी पोरगी आहे."

एकतीस वर्षांची पोरगी उठून परसात गेली. चौथा कॅमेरा परसात लागला तेव्हा ती धुण्याच्या दगडावर कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली होती. तिथेच ती केस वाळवायची, पुस्तक वाचायची, आणि आई गेल्यावर वर्षभर रडली होती तीही तिथेच. प्रमोदला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याला फक्त तिची पाठ दिसली. तो शिडीवरून उतरला, फोनवर बोट फिरवत राहिला आणि मग फोन तिच्यासमोर धरला. परसाच्या चित्रात दगडाच्या जागी एक छोटा काळा चौकोन होता.

"कंपनीच देते ही सोय," तो हळूच म्हणाला. "शेजाऱ्यांची खिडकी दिसू नये म्हणून. एवढा तुकडा ना दिसणार, ना रेकॉर्ड होणार, ना ऐकू येणार... म्हणजे ऐकू येईल. हळू बोलायचं."

"दादाने विचारलं तर?"

"सांगा, शेजारच्यांची मोरी दिसत होती."

तिने चौकोनाकडे बोट नेलं, पण काचेला लावलं नाही. कुणी काही दिलं की काय बोलायचं असतं, ते तिला त्या क्षणी आठवेना.

मग निमित्तं निघू लागली. आज तीन नंबर धूसर दिसतोय. आज अॅप उघडत नाही. आज बहुतेक कोळिष्टक आलंय. प्रमोद यायचा, फडक्याने काच पुसायचा आणि चहा प्यायचा.

"कोळी फक्त तुमच्याच कॅमेऱ्यावर का बसतो?" त्याने एकदा विचारलं.

"त्याला विचारा. मी त्याला सांगत नाही बाई काही!"

"बाई? मला?"

ती इतकी हसली की बाबाही ओट्यावरून हसले, कशाला ते न कळताच.

कॅमेऱ्यांचा खरा उपयोगही होत होता. बाबा फाटकाकडे निघाले की शाळेत नूतनच्या फोनवर अॅपची घंटा वाजायची. ती फोनमध्ये म्हणायची, "बाबा, आत या." ओट्यावरच्या कॅमेऱ्यातून तो आवाज बाहेर पडायचा. बाबा भिंतीकडे वळायचे. "आलो गो द्रौपदी," म्हणायचे आणि शहाण्या मुलासारखे माघारी फिरायचे. द्रौपदी म्हणजे आई. नूतनने त्यांची समजूत कधी दुरुस्त केली नाही.

एप्रिलमध्ये प्रमोद आठ दिवस फिरकला नाही. जयंतीच्या मंडपात कॅमेरे लावायचे होते, शिवाय मिरवणुकीची व्यवस्था त्याच्याकडेच. धर्मेशने तेवढ्यात दुकानात फोन करून त्याचं आडनाव विचारून घेतलं. मग बहिणीला म्हणाला, "काही बिघडलं तर दुसरा माणूस बोलाव. हा सारखा सारखा दिसतो फोनमध्ये."

तिने त्याच संध्याकाळी प्रमोदला फोन केला.

"तो चौकोन... थोडा मोठा करता येईल?"

"किती?"

"मागचं फाटक त्यात येईल एवढा."

"नूतन, फाटक झाकलं तर बाबा तिकडून गेले तरी कळणार नाही."

त्याने पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं होतं. तिला पुढचं वाक्य नीट ऐकूच आलं नाही.

"मी कुलूप लावेन ना," ती म्हणाली. "रोज लावेन. तू येणार असशील तेव्हाच फक्त काढेन."

तिनेही पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं.

घरी बसल्या बसल्या फोनवरच त्याने चौकोन मोठा केला. दर गुरुवारी दुपारी चारला तो मागच्या गल्लीतून येऊ लागला. ती दगडावर, तो पायरीवर, मध्ये दोन पेले चहा. तो हळू आवाजात दिवसभराच्या शिड्यांच्या गोष्टी सांगायचा, ती वाचलेल्या पुस्तकातल्या. एकदा त्याने तिच्या ओल्या केसांचं एक टोक बोटाला गुंडाळलं आणि वायरचं टोक तपासावं तसं निरखत बसला. याहून जास्त काही घडलं नाही. घडायची घाई दोघांनाही नव्हती. धर्मेशला दिवाळीत सांगायचं, असं ठरलं होतं.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी पाऊस लागून राहिला होता. पावणेचारला नूतनने मागचं कुलूप काढलं. बाबा आतल्या खोलीत झोपले होते. ती आरशासमोर बसली. केस विंचरले, मोगऱ्याची वेणी माळली, पुन्हा काढली... जास्त वाटत होती. मग पुन्हा माळली. चार वाजून गेले; पावसामुळे उशीर होत असेल, म्हणून ती तिथेच बसून राहिली. फोन बाजूलाच होता. पुढच्या फाटकाशी कुणी नाही, ओट्यावर कुणी नाही. फोन वाजला नाही, म्हणजे सगळं ठीक होतं.

प्रमोद अंबरनाथला एका शिडीवर अडकला होता. तो पाचला आला आणि दाराशीच थांबला.

"फाटक उघडं कसं?"

नूतनने आतल्या खोलीकडे पाहिलं. अंथरूण रिकामं होतं. त्या दिवशी बाबांना भिंतीतून कुणी हाक मारली नव्हती.

रात्रभर शोधलं. बाबा सकाळी सापडले, त्या सात मजली सोसायटीत. पार्किंगमधून वाहणाऱ्या पाण्यात बसून ते हातांनी गाळ ओढत होते, पाण्याला आडवा घालत होते. "बांध फुटला," एवढंच म्हणत होते. त्या पार्किंगला सहा कॅमेरे होते. सगळ्यांत बाबा दिसत होते, संध्याकाळी साडेचारपासून. बघणारं कुणी नव्हतं.

छातीत पाणी भरलं होतं. अकराव्या दिवशी ते गेले.

तेराव्याच्या आधीच धर्मेशने रेकॉर्डिंग काढलं. पुढच्या तिन्ही कॅमेऱ्यांत बाबा नव्हते. चौथ्यात तो काळा चौकोन होता. त्याने प्रमोदला बोलावून घेतलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर फोन त्याच्या तोंडापुढे नाचवला.

"हे काय आहे?"

प्रमोदने नूतनकडे पाहिलं नाही. "माझी चूक, दादा. शेजारची मोरी झाकायला गेलो, सेटिंग मोठं झालं. माझ्या लक्षात नाही आलं."

"आणि फाटकाचं कुलूप?"

"ते... मागच्या खेपेला मीच काढलं असेल. वायर घ्यायला."

धर्मेशने त्याला काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. माणसाच्या कामावरून सुरू होऊन ते त्याच्या वस्तीपर्यंत गेलं. प्रमोद मान खाली घालून उभा राहिला. नूतन चार हात लांब, पाण्याचा तांब्या धरून उभी होती. एक वाक्य बोलायचं होतं. तिने फक्त तांब्या घट्ट धरून ठेवला.

पंधरा दिवसांनी धर्मेशनेच फर्मावलं, तो चौकोन काढून जा आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस. फोनवरून घरबसल्या काढता आला असता, पण शिडी खांद्यावर घेऊन प्रमोद आला. पुढच्या फाटकातून आला. ओट्यावरच्या रिकाम्या खुर्चीपाशी क्षणभर थांबला, मग परसात गेला.

"दादा बघत असेल," नूतन म्हणाली. "तिकडून, फोनवर."

"हो. बघतोय."

त्याने बोट फिरवलं. चौकोन नाहीसा झाला. धुण्याचा दगड, पायरी, तगरीचं झुडूप, बंद फाटक आणि त्यावरचं नवं कुलूप... सगळं पडद्यावर आलं. नूतन जाऊन दगडापाशी उभी राहिली.

"दिसतेय का मी?"

तो शिडीवर चढला, हातातल्या फोनकडे बघत राहिला.

"सांग ना. दिसतेय का?"

"दिसतेस."

"ऐकू येतंय?"

"येतंय."

तिने कॅमेऱ्याकडे सरळ पाहिलं. आवाज कापत होता, पण तिने तो हळू केला नाही. "दादा, कुलूप मी काढलं होतं. प्रमोदसाठी. चौकोनही मीच मागितला. तो नको म्हणाला होता. मी आत वेणी माळत बसले होते आणि बाबा गेले. त्याला काही बोलू नकोस. बोलायचं ते मला बोल."

पाऊस नव्हता. तगरीवर एक मुंगळा चढत होता. नूतनचा फोन घरात वाजू लागला, वाजून बंद झाला, पुन्हा वाजू लागला.

प्रमोद खाली उतरला. "का सांगितलंस? मी घेतलं होतं ना अंगावर."

"म्हणूनच. ते उचलून तू किती दिवस फिरणार होतास?" ती दगडावर बसली. "आणि मी तुझ्याकडे बघून कसं जगले असते?"

"आता बघशील?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. खूप प्रयत्न करून पाहिलं. "तू दिसतोस," ती म्हणाली, "आणि तुझ्या मागे फाटक दिसतं. दर वेळी. तुला नाही दिसत?"

त्याने वळून फाटकाकडे पाहिलं. अंबरनाथला शिडीवर असताना घड्याळात चार वाजून गेलेले त्यानेही पाहिले होते. अजून एकच स्क्रू, म्हणत राहिला होता.

"मी पुढच्या दाराने येत जाईन," शेवटी तो म्हणाला. "कधीतरी. तू बोलावलंस तर."

"लगेच नको," ती म्हणाली. आणि मग फार हळू, "...वाट बघू नकोस."

तो शिडी उचलून घरातून पुढे गेला. नूतन उठली नाही. फोन वाजायचा थांबल्यावर ती आत आली, तो उचलला आणि अॅप उघडलं. चार तुकडे. पहिल्या तुकड्यात तो ओटा उतरत होता. फाटकापाशी थांबला, शिडी खाली टेकवली आणि कॅमेऱ्याकडे वर पाहिलं. दुकानात पाहिलं होतं तसंच, तिच्याकडेच.

या वेळीही कुणी हाक मारली नाही.

मग तो बाहेर गेला. फाटक ओढून घेतलं, कडी घातली. कडी नीट बसली का, म्हणून हलवून पाहिली. दोन पावलं गेला, परत आला, आणि आणखी एकदा हलवून पाहिली.