न वाजलेली घंटी

या, थोडं जवळ सरकून बसा. तिकडे दारात बसलात तर अर्धी गोष्ट वारा घेऊन जाईल, आणि ही गोष्ट मुळात वाऱ्याच्या माथी मारलेल्या एका उत्तराचीच आहे. प्रेमाची आहे, गोड आहे. पण शेवटाकडे घशाशी काहीतरी अडकेल, एवढं आधीच सांगून ठेवलेलं बरं. देवाला मनातलं आपोआप कळतं, माणसाला मात्र सांगावं लागतं. निरूपण संपलं. आता सायकल.

एक मुलगी होती. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण तिच्या पायाला ती जन्मापासून लागलेलीच होती. आईवडिलांमागे मामाने वाढवलं. मामाचं सायकलचं दुकान. दारात टांगलेली चाकं, आत ग्रीस आणि रबराचा वास. मामा वाकडी चाकं सरळ करी आणि भिंगरी वाटा शोधी. डांबरी रस्ता सोडून टेकड्यांच्या अंगाखांद्यावरून जाणाऱ्या खडीच्या, मुरमाच्या वाटा. जाड टायरची सायकल चालली पाहिजे आणि वाटेत काहीतरी जुनं लागलं पाहिजे... एखादा पडका बुरूज, अक्षरं झिजलेला मैलाचा दगड. सुट्टीच्या दिवशी शहरातली मंडळी तिच्या मागोमाग या वाटांनी हिंडत, दमत, आणि दुकानात परत येऊन खुर्च्यांवर पसरत.

अशीच एक नवी वाट तपासायला ती निघाली होती. भुरभुर पाऊस, गवतावर बारीक पाणी, आणि पुढे ओढ्याकडे जाणारा लांबलचक उतार. उतार लागला की भिंगरी गुणगुणायची, ही तिची सवय. गुणगुणतच खाली सुटली. ओढ्यावर जुना कमानी पूल, आणि पुलाच्या तोंडाशी कोणीतरी आडवी दोरी बांधलेली. तिने ब्रेक दाबला, मागचं चाक घसरलं, आणि बाई सायकलसकट चुन्याच्या घमेल्याशेजारी येऊन बसल्या.

"दोरी दिसली नाही?" कमानीखालून आवाज आला.

"दिसली, म्हणूनच पडले. नसती दिसली तर एव्हाना पलीकडे असते."

"पलीकडे नाही, खाली. मधले दगड काढलेत."

आवाजामागून माणूस वर आला. कोपरापर्यंत चुन्याने पांढरा, पापण्यांवर पावसाचे थेंब. पूल दुरुस्त करायला आलेला पाथरवट. त्याने आधी घमेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"चुना सांडला का ते बघताय? आणि मी?"

"तुमच्याकडे एकदम बघायचं म्हणजे..." तो घुटमळला. "म्हणजे... तुमच्या कोपराला लागलंय. धुवा आधी."

झालं. वाट तपासून झाली होती, पण भिंगरीला ती पुन्हापुन्हा तपासावीशी वाटू लागली. कधी उताराची खडी बघायला, कधी ओढ्याचं पाणी.

"त्या पुलावरून अजून माणूस जात नाही म्हणतेस," मामा चाक फिरवत म्हणाला, "मन बरं रोज जाऊन येतं."

"मामा, स्पोक मोजा तुमचे."

मग ती त्याला मामाची जुनी सायकल देऊन सुट्टीच्या दिवशी सोबत नेऊ लागली. पाथरवटाची खडीवर फार फजिती व्हायची.

"दगड माझं ऐकतात," तो पँट झटकत म्हणायचा, "पण हे फारच बारीक आहेत. बालवाडीतले."

एकदा बुरुजाच्या सावलीत दोघं बसले होते. त्याने भिंतीवर तळवा टेकवला, डोळे मिटले आणि गंभीरपणे सांगितलं, "हा दगड डावऱ्या माणसाने बसवलाय. त्या दिवशी त्याचं बायकोशी भांडण झालं होतं."

"खरंच?"

"थाप आहे. पण तू किती छान विश्वास ठेवलास."

तिने त्याच्या अंगावर गवताची काडी फेकली. 'तुम्ही'चं 'तू' त्याच दिवशी झालं, आणि दोघांनीही ते लक्षात न आल्यासारखं केलं.

आता एक गोष्ट नीट ऐकून ठेवा. खडीच्या उतारावर पुढच्याने मान वळवली की तो आडवा झालाच. म्हणून भिंगरीचा नियम होता : मागच्याने काही सांगितलं की पुढच्याने मागे न बघता एकदा घंटी वाजवायची. घंटी म्हणजे, ऐकलं. पाथरवटाला हा नियम भलताच मानवला. समोरासमोर बसला की त्याचे शब्द अडखळत. तिच्या पाठीशी मात्र तो दिवसभर बोलू शकत असे.

"भूक लागली." टिंग.

"तुझी वेणी सुटतेय." टिंग.

"सुटू दे. बरी दिसते." यावर मात्र टिंग यायला जरा उशीर झाला.

पुलाचं काम संपत आलं. एका दुपारी दोघं त्याच उतारावरून ओढ्याकडे उतरत होते. ऊन कोवळं, वारा समोरून, आणि पुढे भिंगरीचं गुणगुणणं. मागून त्याचा आवाज आला. पहिल्यांदाच तो आवाज थोडा कापत होता.

"ऐक... मला हे काम संपवून जायचं नाही. तुझ्याजवळ राहायचंय. जन्मभर. ... तुला चालणार असेल तर घंटी वाजव."

तिने ऐकलं. एकेक अक्षर ऐकलं. बोट घंटीवर गेलं, खटका अर्धा दाबलाही. आणि मग... मनात आलं, असं पाठीला सांगतात का? हे त्याने समोर उभं राहून म्हणावं. अडखळत, लाल होत. ते तोंड आपल्याला बघायचंय. तिने बोट उचललं.

खाली पोचल्यावर ती वळली, ओठांतलं हसू आवरत. "काही म्हणालास का? वारा फार होता."

त्याने सायकल पुलाच्या कठड्याला टेकवली.

"नाही," तो म्हणाला. "वळण आहे, जपून... एवढंच."

आणि हातोडा उचलून कमानीखाली गेला.

भिंगरी घरी आली ती तरंगतच. उद्या म्हणेल. उद्या नाही तर परवा. पण परवा तो चुन्याबद्दल बोलला. पुढच्या सुट्टीला कामाचं निमित्त सांगून आलाच नाही. तिला आधी गंमत वाटली, मग राग आला, मग रागाचा मान राखण्यात दिवस गेले. शेवटी एका सकाळी मामाने विचारलं, "पाथरवट कुठे असतो हल्ली?"

"पुलावर."

"मग तू का नाही जात?"

"आधी त्याने म्हणायला हवं."

"म्हणाला नाही?"

"म्हणाला... पण मी ऐकलं नाही असं दाखवलं. परत म्हणू दे."

मामाने हातातलं चाक खाली ठेवलं. "भिंगरे, माणूस आहे तो, रेडिओ नाही. सकाळी चुकलं म्हणून संध्याकाळी पुन्हा लागायला."

ती तशीच निघाली.

पूल झाला होता. दोरी नव्हती. पाथरवट छिन्न्या पुसून गोणपाटात गुंडाळत होता. तिने सायकल गवतात टाकली.

"त्या दिवशी उतारावर तू जे म्हणालास... ते मी ऐकलं होतं."

"माहीत आहे."

"कसं माहीत?"

"तू गुणगुणत होतीस. मी बोललो आणि गुणगुणणं थांबलं." तो छिन्नीच्या टोकाकडे बघत होता. "वाऱ्याने नेलं असं वाटलं असतं ना, तर खाली आल्यावर पुन्हा म्हणालो असतो. कितीही वेळा. पण तू ऐकलंस, आणि तरी विचारलंस की काही म्हणालास का. मला वाटलं, नकार माझ्या तोंडावर मारायला नको म्हणून वाऱ्यावर घातलास. मायाळू आहेस, म्हणून."

"नाही रे..." ती म्हणाली. "तू बोलताना मला तुझं तोंड बघायचं होतं."

"एवढंच?"

"एवढंच."

तो हसला. हातातून निसटलेला दगड पायावर न पडता शेजारी पडला की माणूस हसतो, तसं काहीसं.

"मग आता बघ," ती म्हणाली. "आता म्हण. मी इथेच उभी आहे."

"आता नाही म्हणता येत."

मग त्याने सांगितलं, समोर उभं राहून, न अडखळता. त्याची आत्या एका स्थळासाठी कधीची मागे लागली होती. एका माणसाला विचारतो आणि सांगतो, असं म्हणून तो टाळत आला होता. उतारावरच्या त्या दुपारनंतर त्याने आत्याला होकार कळवला. मुलगी नर्स. भेटली, बोलली, पसंत आहे म्हणाली. त्याच्या शब्दावर तिने दूरच्या मोठ्या दवाखान्यातली नोकरीही सोडली.

"तिला काय सांगू? उतारावर एक गंमत झाली होती म्हणून?"

हो, तेच सांग. हे वाक्य भिंगरीच्या दातांपर्यंत आलं. आणि ती म्हणाली असती तर तो डगमगला असता, हे तिला त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. खाली ओढा वाहत होता. तिने ते वाक्य गिळलं.

"नको," ती म्हणाली. "असलं काही सांगू नकोस तिला."

गवतातली सायकल उचलता उचलता तिनेच विचारलं, "बोलकी आहे का?"

"खूप. जे असेल ते तोंडावर."

"मग चांगली आहे."

दुसऱ्या दिवशी तो गेला. आता भिंगरीची वाट त्या पुलावरून जाते. मंडळी थांबतात, कमानीचे फोटो काढतात, सांधे कसे जुळलेत बघा म्हणतात. ती पाण्याची बाटली उघडते आणि काठावर उभी राहते. दुकानात मात्र तिचा स्वभाव पालटला आहे. चहा पाणचट झाला तर लगेच सांगते, गिऱ्हाइकाला सायकल शोभत नसेल तर तेही. मामा कुरकुरतो, पण आत वळून डोळे पुसतो.

तुमच्याकडे एकच मागणं. देवापुढे हात जोडाल, घरच्यांसाठी मागायचं ते मागून घ्याल, तेव्हा उठण्याआधी क्षणभर भिंगरीची आठवण ठेवा. पोरीने गंमत करण्याच्या नादात आपलं सुख घालवलं खरं, पण जिला तिने कधी पाहिलंही नव्हतं तिचं सुख राखलं.