वीतभर अंतरावरचं जग

बारीक वस्तू बघायला म्हातारी माणसं चष्मा चढवतात. केतकीचे आजोबा, आबाजी, मात्र चष्मा काढायचे! आबाजी कोळ्यांचे शास्त्रज्ञ. चिखलदऱ्याच्या जंगलात ओल्या झुडपात तोंड खुपसायचे आणि वीतभरावरून नखाएवढ्या कोळ्याचे केस न् केस टिपायचे, तेही नुसत्या नजरेने. हे कसं जमायचं?

आता जमेना. मोतीबिंदू (डोळ्यातलं भिंग गढूळ होणं) झाला होता.

दवाखान्यात टकमक नावाचा यंत्रमानव होता. त्याने आबाजींच्या डोळ्यात प्रकाशाची तिरीप सोडली, डोळ्याची लांबी मोजली आणि नवं भिंग ठरवूनही टाकलं. माणसाला विचारलं का? छे!

"दूरचं लख्ख दिसेल," म्हणत त्याने आबाजींच्या डोक्यावर टोप चढवला. नव्या भिंगातून जग कसं दिसेल, ते त्या टोपात आधीच दिसायचं.

आबाजींनी खिशातल्या डबीतला कोळी तळहातावर घेतला. नाकाजवळ आणला. त्यांचा चेहरा उतरला.

"डाग दिसतोय. नुसता डाग."

"जवळच्यासाठी चष्मा लावा. बहुतेक लोक तेच करतात."

"बहुतेक लोक झुडपात डोकं घालतात का रे, डब्या? तिथं चष्म्यावर वाफ धरते! माझं काम संपलं म्हण की."

केतकी भडकली. "जवळचं त्यांना बिनचष्म्याचं दिसायचं. तुझं भिंग तेच हिसकावून घेणार?"

टकमकचे दिवे लुकलुकले. भिंतीवर डोळ्याचं चित्र उमटलं.

"यांचा डोळा लांबट आहे. दूरचे किरण दृष्टिपटलाच्या (डोळ्यातल्या मागच्या पडद्याच्या) अलीकडेच जुळतात, म्हणून दूरचं पुसट. जवळचे किरण मात्र नेमके पडद्यावर जुळतात."

"म्हणून चष्मा काढतात!"

"हो. तुझ्या डोळ्यातलं भिंग आपोआप फुगतं, चपटं होतं, म्हणून तुला सगळंच दिसतं. आम्ही बसवतो ते फुगत नाही. ते कुठल्या अंतरासाठी, हे आधीच ठरवावं लागतं."

"एकात सगळी अंतरं नाही मावत?"

"तसली भिंगंही आहेत. पण त्यांत प्रकाश वाटला जातो, बारकावे फिके पडतात."

"मग वीतभरासाठी ठरव ना!"

"जरा जास्त ताकदीचं लागेल. पण दूरचा चष्मा सुटणार नाही."

"जन्मभर नाकावर बसलाय, बसू दे अजून," आबाजी म्हणाले.

शस्त्रक्रिया केतकीने पडद्यावर पाहिली. एवढ्याशा चिरेतून डॉक्टरांनी घडी घातलेलं भिंग आत सरकवलं आणि ते पाकळीसारखं उलगडलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. चष्म्याशिवाय समोरचा टकमक म्हणजे पांढरा ढग! आबाजींनी डबीतला तोच कोळी जवळ घेतला, डोळे मिटले, उघडले आणि पुन्हा बघितलं.

"आबाजी? दिसत नाही का?"

"केतू..." त्यांनी तळहात तिच्यापुढे धरला. "हा निळा आहे गं. मोरपिसासारखा निळा!"

"गढूळ भिंग पिवळं पडतं," टकमक म्हणाला. "निळा प्रकाश अडवतं."

"आणि मी गाढव, शोधनिबंधात याला राखाडी म्हणून छापून मोकळा झालो!"

केतकी वाकून बघत राहिली. एवढं जग एवढ्याशा भिंगामागे अडकलं होतं! "आबाजी, फुगणारं भिंग का नाही बनवत कुणी?"

"धडपडतायत. नीट जमलेलं नाही अजून. तू बनव. तोवर चल, गेल्या काही वर्षांतले सगळे कोळी पुन्हा बघायचेत."

"आधी जखम भरू द्या!" टकमक ओरडला.

आबाजी केव्हाच जोडे शोधायला लागले होते.