दारात अडलेला सैनिक

सैनिकाचं डोकं पुन्हा चौकटीला आपटलं.

“तिसऱ्यांदा,” फूटपट्टी म्हणाली आणि तिने टेबलावर कपाळ टेकवलं. खरं तर तिला रडू येत होतं, पण रडायलाही थोडी ताकद लागते आणि ती सकाळपासून पुठ्ठा कापण्यात संपली होती.

फूटपट्टी तेरा वर्षांची. घरातल्या पलंगापासून चमच्यापर्यंत सगळ्यांची लांबी तिला तोंडपाठ, म्हणून हे नाव. तिचा धाकटा भाऊ चिकटराव. त्याच्या बोटांना कायम गोंद लागलेला असे आणि त्याने हात लावलेलं पुस्तक दोन माणसांशिवाय उघडत नसे. तिसरी शेजारच्या दूधवाल्याची मुलगी, जांभई. बापाबरोबर पहाटे चारला उठून दुधाचे कॅन उतरवल्यावर उरलेला दिवस तिचा तोंड मिटण्यात जाई. सुट्टी लागून तीन आठवडे झाले होते आणि शाळेतही दमली नव्हती इतकी ही मंडळी दमली होती.

“तू दार लहान कापलंस,” फूटपट्टी म्हणाली.

“तूच मोजून दिलंस,” चिकटराव म्हणाला.

भांडण तिथेच विझलं. तेवढाही जोर कुणाच्या अंगात नव्हता.

वाचनालयाने सुट्टीची स्पर्धा ठेवली होती. आपल्या गावात घडलेला एखादा दिवस टेबलावर मावेल असा करून दाखवायचा. तिघांनी गेल्या वर्षीचा पूर निवडला होता. गुडघाभर पाण्यातून शिंपीगल्लीत शिरलेला लष्कराचा ट्रक आणि त्यात चढणारी माणसं. तिघांच्या खाऊच्या पैशांतून खेळण्यांच्या दुकानातला एक फाटक्या खोक्यातला प्लास्टिकचा ट्रक आला, सोबत एकुलता एक सैनिक. तिथेच तिजोरी रिकामी झाली. मग बाकीची गल्ली भंगारातून उभी राहिली. भिंतींना फ्रिजच्या खोक्यातलं थर्मोकोल, फरशीला अंड्यांच्या ट्रेचे तुकडे, विजेच्या तारांना बिघडलेल्या इयरफोनची वायर, खिडक्यांच्या गजांना झाडूच्या काड्या. चिखलासाठी चहाचा चोथा वाळवायचा होता, म्हणून आईला दिवसातून चारदा चहा प्यावा लागत होता. तिला रात्री झोप लागेना, पण पोरं घरात आहेत, उन्हात भटकत नाहीत, यावर ती समाधान मानत होती.

ट्रक होता एकास पस्तीस मापाचा. म्हणजे खऱ्या जगातले पस्तीस सेंटिमीटर इथे एक सेंटिमीटर. तेव्हा गल्लीही त्याच मापाची हवी. पण शिंपीगल्लीत दुरुस्ती चालू होती आणि तोंडाशी पत्रे ठोकलेले होते. मग मोजायचं कसं? त्यावर फूटपट्टीला मामाकडचं चौकशीच्या कागदांचं पाकीट आठवलं होतं.

पुरात तो ट्रक चालवणारा ड्रायव्हर म्हणजे त्यांचा सख्खा मामा. गावच्या गल्ल्या ठाऊक म्हणून त्याला मुद्दाम पाठवलं होतं. तीन दिवस आणि दोन रात्री त्याने ट्रक चालवला. पूर ओसरल्यावर चारच दिवसांत शिंप्याच्या दुकानावरचा, रस्त्यावर आलेला सज्जा कोसळला. खाली कुणी नव्हतं हे नशीब. नगरपालिकेच्या अभियंत्याने मोजमाप घेऊन लिहिलं की सज्जा रस्त्यापासून दोन मीटर नव्वद, ट्रक तीन मीटर दहा, म्हणजे ट्रकनेच धडक दिली. मामाच्या हातून स्टिअरिंग गेलं. आठ महिने तो कोठारात सामान मोजत होता आणि आता चौकशीसाठी रजेवर घरी आला होता. शनिवारी चौकशी होती. “चूक माझीच” असं पत्र त्याने लिहूनही ठेवलं होतं. ते दिलं की ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव कायमचं कटलं असतं.

“पण तू खरंच धडकलास का?” फूटपट्टीने त्याला पाकीट मागताना विचारलं होतं.

“आठवत नाही गं,” मामा म्हणाला होता. “तिसऱ्या दिवशीचं मला काहीच नीट आठवत नाही. आणि कागद खोटं कशाला बोलेल?”

एवढं बोलून त्याने पाकीट तिच्या हातात दिलं आणि तो पुन्हा खिडकीशी जाऊन बसला. आल्यापासून तो तिथेच होता. जांभईच्या बापाने दुधाचा टेम्पो जरा मागे घ्यायला सांगितला, तर त्याने मान हलवून नाही म्हटलं. ज्याने आयुष्यात गाडी चालवण्याशिवाय दुसरं काही केलं नाही, त्याचं असं गप्प बसणं मुलांना बघवत नव्हतं.

पाकिटात अभियंत्याचा नकाशा होता. घरं, दारं, खिडक्या, सगळ्यांची मापं. आयतंच मिळालं म्हणून तिघं खूश झाली होती आणि त्या मापांवर शिंप्याचं दुकान उभं करून आता तिसऱ्यांदा सैनिकाचं डोकं फोडत होती.

“आपण सैनिकाचे पाय कापू,” चिकटराव म्हणाला. “पाण्यात उभा आहे असं दाखवू. पायही लपतील.”

“दुकानात कुठे पाणी?”

जांभईने एक डोळा उघडला. “सैनिकाचं सोडा. शिंपीकाका त्यांच्या दुकानात रांगत जातात का?”

शिंपीकाका म्हणजे ताडमाड माणूस. फूटपट्टीने नकाशा ओढला. दुकानाचं दार, उंची दीड मीटर. तिने दोनदा वाचलं. घरातलं सगळ्यात बुटकं दार न्हाणीघराचं, तेही एक मीटर पंचाण्णव. कागदावर दीड मीटर वाचताना आठ महिने एकाही मोठ्या माणसाला खटकलं नव्हतं. पाच सेंटिमीटरच्या प्लास्टिकच्या सैनिकाला मात्र खटकलं.

“नकाशाच चुकलाय,” ती म्हणाली. तिचा थकवा कुठल्या कुठे गेला असं काही झालं नाही. उलट आता उन्हात चालत जावं लागणार, हे तिच्या लक्षात आलं.

शिंपीकाकांनी गल्लीच्या कोपऱ्यावर टपरी टाकली होती. मुलांनी गाऱ्हाणं सांगितल्यावर ते मशीनवरून उठले आणि त्यांना मागच्या बोळातून दुकानात घेऊन गेले. फूटपट्टीने टेप लावला. दार बरोबर दोन मीटर. नकाशात अर्धा मीटर कमी. आणि चौकटीवर जमिनीपासून अर्ध्या मीटरवर गाळाचा तपकिरी डाग होता, सरळ रेघ मारल्यासारखा.

“हा तर ढिगाऱ्याचा,” काका म्हणाले. “पूर ओसरल्यावर सफाईवाल्यांनी अख्ख्या गल्लीचा गाळ माझ्याच दारात ओढला. गावाचा चिखल आणि माझं दार. महिनाभर उडी मारून आत यायचो. तुमचे ते अभियंता साहेब त्याच्यावर उभे राहूनच मोजत होते. गमबूट घातलेले, त्यांना काय.”

“ट्रक आला तेव्हा हा ढीग होता?”

“तेव्हा कुठला? तेव्हा नुसतं पाणी वाहत होतं. मी स्वतः त्याच ट्रकात बसून गेलो की.”

“मग सज्जा पडला कशाने, काका?”

शिंपीकाकांनी दारावरच्या भिंतीतल्या दोन भोकांकडे पाहिलं. सज्ज्याच्या तुळया तिथे बसवलेल्या होत्या. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं की पाणी चढू लागल्यावर त्यांनी दोन्ही लोखंडी मशिनं आणि कापडाचे सगळे तागे सज्ज्यावर चढवले होते. तागे भिजून शिशासारखे जड झाले. तुळया तर आधीच कुजलेल्या.

“मला वाटलं, ट्रकच्या हादऱ्यानेही झालं असेल. साहेबांनी ट्रक लिहिलं, मी सही केली. मशिनांचं मला कुणी विचारलंच नाही.”

“तुम्ही तरी सांगायचं होतं,” जांभई म्हणाली. तिचा आवाज झोपाळू होता, पण काकांना तो चांगलाच लागला. शनिवारी आपण स्वतः येऊन सांगू, असं त्यांनी कबूल केलं.

मामाला लगेच सांगावं असं चिकटरावला वाटत होतं. फूटपट्टीने नको म्हटलं. मामा म्हणेल, जाऊ दे गं, साहेबांचा कागद आहे. कागदाला उत्तर कागदानेच द्यायला हवं.

गुरुवारी तिघं गल्ली पाटावर ठेवून नगरपालिकेत घेऊन गेली. दोन जिने, वाटेत चार विश्रांत्या. अभियंता साहेब फायलींच्या आड बसले होते आणि त्यांचे डोळेही जांभईसारखेच लाल होते. आत्ता वेळ नाही, असं ते वर न पाहताच म्हणाले.

“साहेब, तुमचा नकाशा इतका छान आहे की आम्ही त्याच्यावरूनच गल्ली केलीय,” फूटपट्टी म्हणाली. “तंतोतंत झालीय का, तेवढं तपासून द्याल? स्पर्धेत सांगता येईल.”

स्तुती कुणाला नको असते? साहेबांनी चष्मा लावला, खणातून पट्टी काढली आणि भिंती, दारं, सज्जा सगळं मोजलं. एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही. खूश होऊन त्यांनी पुठ्ठ्याच्या कार्डावर “नकाशाबरहुकूम” असं लिहिलं, खाली झोकदार सही ठोकली आणि कार्ड चिकटरावच्या हातात दिलं.

मग फूटपट्टीने खिशातून सैनिक काढला. “आता याला दुकानात पाठवायचंय, साहेब. जात नाही.”

साहेबांनी हसत सैनिक घेतला. सरळ घालून पाहिला. तिरका करून पाहिला. मग त्यांचं हसू थांबलं.

“याची उंची किती धरलीय?”

“पावणेदोन मीटर. साध्या माणसाएवढी.”

साहेबांनी नकाशा उलगडला आणि स्वतःच लिहिलेला आकडा बराच वेळ पाहिला. कार्ड परत मागायला त्यांनी हात पुढे केला, पण ते चिकटरावच्या बोटांना पक्कं चिकटलं होतं आणि ओढलं असतं तर सहीसकट फाटलं असतं.

“तुम्ही मोजलंत तेव्हा पायाखाली काय होतं, साहेब?” फूटपट्टीने विचारलं.

“चिखल,” ते म्हणाले. “त्या दिवशी मी साठ घरं मोजली. टेपचं टोक कुठे टेकतंय ते बघायचंही सुचलं नाही.”

माणूस वाईट नव्हता. टेप घेऊन तो त्यांच्याबरोबर भर दुपारी गल्लीत आला आणि या वेळी त्याने टोक फरशीवर टेकवलं. तुळयांची भोकं तीन मीटर चाळीसवर होती. तिथेच पायरीवर बसून त्याने सुधारलेला अहवाल लिहिला. लिहिताना तो एकदाही मुलांकडे बघू शकला नाही.

शुक्रवार सगळा घरांखाली दीड सेंटिमीटर थर्मोकोल सरकवण्यात आणि दारं खालून वाढवण्यात गेला. संध्याकाळी सैनिक दारातून ताठ मानेने आत गेला. ट्रक सज्ज्याखालून गेला, कुठेही न घासता. एकच घोटाळा होता. वाचनालयात मॉडेल शनिवारी दहाला द्यायचं होतं आणि मामाची चौकशीही दहालाच होती.

“तीन आठवडे,” चिकटराव म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. नंतर त्याने नाक पुसलं आणि पाटाची एक बाजू स्वतःच उचलली.

चौकशीची खोली लहान होती. मामा खिशातल्या पत्रावर हात ठेवून बसला होता. पाट आत आलेला पाहून तो अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. शिंपीकाका बोलले, अभियंत्याने सुधारलेला अहवाल वाचला. चौकशी करणारे वयस्कर अधिकारी टेबलाशी आले. त्यांनी गुडघे टेकले, डोळा गल्लीच्या फरशीच्या पातळीला आणला आणि एका बोटाने ट्रक पुढे ढकलला. मागे आणला. पुन्हा ढकलला. सज्जा जागचा हलला नाही.

“हे कुणी केलं?” त्यांनी विचारलं.

तिघांनी हात वर केले. चहाच्या चोथ्याचा डाग नाही असा त्यांतला एकही हात नव्हता.

“मी तीस वर्षं कागद वाचतोय,” अधिकारी उठत म्हणाले, “पण दारातून माणूस जातो का, हे कधी पाहिलं नाही. शाबास. तुमच्यासारखी तीन माणसं माझ्या कचेरीत असती तर निम्म्या चौकशा कराव्याच लागल्या नसत्या.” मग ते मामाकडे वळले आणि सोमवारपासून गाडीवर रुजू हो म्हणाले.

मामा बाहेर येऊन बाकावर बसला. मुलं पाट मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी टेकली. जांभई तर बसल्या बसल्या पेंगली. आनंदाने नाचावं अशी वेळ होती, पण उठायचं कुणी?

“ट्रक आणि सज्जा, मध्ये किती राहिलं होतं?” मामाने विचारलं.

“इथे साडेआठ मिलिमीटर,” फूटपट्टी म्हणाली. “खऱ्या गल्लीत तीस सेंटिमीटर. फूटभर.”

मामाने दोन्ही हात वर करून हवेत तेवढं अंतर धरलं आणि त्याच्याकडे बघत राहिला.

“आठ महिने मला वाटत होतं, की मला स्टिअरिंगवर डुलकी लागली,” तो म्हणाला. “गाडी गेली, कोठारात बसवलं, त्याचं काही नाही गं. पण मागे एकवीस माणसं होती. एकवीस माणसं मागे असताना मी झोपलो, असं वाटायचं.”

चिकटरावने त्याचा हात धरला.

“एकवीसच्या एकवीस उतरली ना, मामा?” फूटपट्टीने विचारलं.

मामाने बोटांवर एकेक माणूस मोजला. चेहरे आठवत, हळूहळू, मुळीच घाई न करता.

“उतरली,” तो म्हणाला. “सगळी उतरली.”