चुकांच्या वहीची शिवण

शुक्रवारी सकाळी पावणेअकराला पाळकसाहेबांचा फोन आला, तेव्हा शिवणकाका घरात मिक्सरचं झाकण चिकटवत बसले होते.

"काका, ताबडतोब या. आपली चुकांची वही..."

"हरवली?"

"वही आहे. चूक हरवली."

काकांनी झाकण तसंच टाकलं. मिशन हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी तीस वर्षं केसपेपर शिवले होते, म्हणून शिवणकाका. खरं नाव आठवायला बायकोलाही जरा वेळ लागे.

चुकांची वही ही त्या हॉस्पिटलची खासियत. संस्थापक डॉक्टरीणबाईंनी घालून दिलेला नियम होता : ज्याच्या हातून चूक होईल त्याने ती चॅपेलमधल्या वहीत स्वतःच्या हाताने लिहायची. दुसऱ्या कुणी शोधून काढायच्या आत लिहिली, तर शिक्षा नाही. दर शुक्रवारच्या उपासनेत प्रशासक त्या मोठ्याने वाचत, नावं गाळून. मग सगळे मिळून क्षमा मागत आणि चूक पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं ते ठरवत. एका चुकीला एक पान, पाठ कोरी. ज्या आठवड्यात चूक नसे, त्या आठवड्यात प्रशासक लिहीत, 'या आठवड्यात चूक नाही.' आठशे लोकांच्या संस्थेत असे आठवडे अलीकडे बरेच येऊ लागले होते.

लिहिलेली चूक माफ, लपवलेली मात्र थेट मंडळापुढे. आज चार वाजता पुरुष वॉर्डच्या सिस्टरचा निकाल लागणार होता.

सिस्टर चॅपेलच्या मागच्या बाकावर बसल्या होत्या. बावीस वर्षांची नोकरी. हातात रुमाल होता, पण डोळे कोरडे.

"काय झालं, पहिल्यापासून सांगा."

"मंगळवारी दुपारी, काका. अकरा नंबरचे सुतारआजोबा. इंजेक्शनमध्ये पाणी घालायचं होतं. मी पोटॅशियमची कुपी फोडली. ते थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. दोन्ही कुप्या दिसायला सारख्या, एकाच कप्प्यात. थोडं आत गेलं आणि माझं लेबलकडे लक्ष गेलं. तिथेच थांबवलं, डॉक्टरांना ओरडून बोलावलं. आजोबा वाचले, पण अजून आयसीयूत आहेत."

"डॉक्टरांना खरं सांगितलंत?"

"त्याच क्षणी. पण प्रशासकसाहेब म्हणतात, डॉक्टरांना सांगितलं ते उपचारासाठी. वहीत लिहिलं असतं तर ते संस्थेसाठी."

"आणि वहीत लिहिलंत?"

"संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर. पूर्ण पान. आज वाचनाच्या वेळी पान नव्हतंच! आता मी चुकलेय ते चुकलेय, वर खोटारडीही ठरलेय. नोकरी गेली तर एक वेळ चालेल, काका. पण परवाना काढून घेतला तर मी करू काय? मला दुसरं येतं काय?"

काकांनी विषय बदलला. "तुमच्या पानाच्या आधी काय होतं, आठवतं?"

"डोळ्यांपुढे अंधार होता हो. कोरं पान दिसलं, लिहिलं."

फार्मसीवाला आपल्या खिडकीत घाम पुसत उभा होता. कुप्या त्याच्याच कप्प्यातल्या, तेव्हा पान त्यानेच पळवलं असणार, असं कॅन्टीनने सकाळीच ठरवून टाकलं होतं.

"वहीला हात लावलास?"

"माझ्या आईची शपथ, नाही!"

"दोन कुप्या एका कप्प्यात कशा?"

"मी वेगळं कपाट मागितलं होतं, काका. तीन महिन्यांपूर्वी."

"कुणाकडे?"

त्याने बोट वर केलं. हा देवाबद्दल बोलतोय की काय, असं काकांना क्षणभर वाटलं. मग आठवलं, वरच्या मजल्यावर प्रशासन आहे.

"लिहून मागितलंस?"

"तोंडी. मला अजून सहा वर्षं नोकरी करायचीय," असं म्हणून त्याने खिडकी लावून घेतली.

वरच्या मजल्यावर प्रशासकसाहेबांच्या खुर्चीमागे दोन चौकटी होत्या. एकीत संस्थापक डॉक्टरीणबाई. दुसरीत दर्जा तपासणाऱ्या समितीचं प्रमाणपत्र. दिवा प्रमाणपत्रावर सोडलेला होता.

साहेब माणूस वाईट नव्हता. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी बसायला बाकं यांनीच आणली. नीतीवर बोलत तेव्हा पाळकसाहेबही टिपणं काढत. फक्त एक खोड : उमेदवारीची वर्षं कार्बन कागदावर गेल्यामुळे इतकं दाबून लिहीत, की रजेच्या अर्जावरची त्यांची सही खालच्या तीन अर्जांवर उमटे. एकाची रजा मंजूर झाली की चौघे घरी जातात, असा विनोद होता.

"काका, मला आनंद होतोय असं वाटतं का तुम्हाला?" साहेब म्हणाले. डोळ्यांखाली काळं आलं होतं. "पण एकीसाठी नियम वाकवला तर वहीला अर्थ काय राहील?"

"वही कुलपात असते?"

"कधीच नाही. कुणीही लिहावं म्हणून."

"म्हणजे कुणीही काढावंही."

"पान फाडल्याची खूण तरी आहे का? तुम्हीच बघा ना. वही तुम्हीच बांधलेली."

ते खरं होतं. काकांनीच बांधली होती. पानांवर आकडे घालू का, असं त्यांनी विचारलं होतं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, चुका मोजायच्या नाहीत, सुधारायच्या.

काका चॅपेलमध्ये परतले. त्यांनी वही अलगद मांडीवर घेतली आणि वाचायचं सोडून पानं मोजायला लागले.

"आकडे नाहीत, मग मोजून काय कळणार?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मी आठ कागद एकात एक घालून दुमडतो. त्याची एक घडी. घडीत पानं सोळा. अशा घड्या एकमेकींना शिवल्या की झाली वही." काकांचं बोट थांबलं. "आणि या घडीत चौदा आहेत."

"म्हणजे दोन पानं गेली? पण सिस्टर तर एकच म्हणते!"

"तेच म्हणतोय मी."

त्यांनी तारखा पाहिल्या. आठवड्याला किमान एक पान हवं. तीन महिन्यांपूर्वीचा एक आठवडा मुळी नव्हताच.

"पाळकसाहेब, या हरवलेल्या आठवड्यातल्या शुक्रवारी उपासनेत काय वाचलं होतं?"

पाळकसाहेबांनी डायरी काढली. "काही नाही. समिती पाहणीला आली होती ना? पाहुण्यांसमोर चुका कशाला, म्हणून साहेबांनी वाचन रद्द केलं. आम्ही दोन गीतं जास्त म्हटली."

"पेन्सिल द्या."

पुढच्या आठवड्याच्या पानावर साहेबांच्या अक्षरात एकच ओळ होती : 'या आठवड्यात चूक नाही.' खाली सगळं कोरं. काकांनी पेन्सिल आडवी धरून त्या कोऱ्या भागावर हलक्या हाताने फिरवली. करड्या रंगात पांढरी अक्षरं वर येऊ लागली.

पाळकसाहेबांनी ती वाचली आणि ते बाकावर बसले.

चार वाजता मंडळ जमलं. अध्यक्षस्थानी निवृत्त मुख्याध्यापिकाबाई. एका टोकाला सिस्टर, दुसऱ्या टोकाला साहेब. मध्ये वही.

"बोला," बाई म्हणाल्या. "थोडक्यात."

"बाई, आपण सगळे सिस्टरच्या पानाचा चोर शोधत होतो," शिवणकाका म्हणाले. "तसा चोर नाहीच. त्या पानावर कुणाचा डोळाच नव्हता."

"मग गेलं कुठे?"

"घडीतला प्रत्येक कागद म्हणजे दोन पानं. एक पुढे, एक मागे. पहिलं पान ओढलं तर सोळावं त्याच्याबरोबर निघून येतं. कुणीतरी तीन महिन्यांपूर्वीचं, घडीचं पहिलं पान ओढून काढलं. सिस्टरने लिहिलं होतं ते शेवटच्या पानावर. तोच एक कागद." काकांनी चष्मा पुसला. "संस्थेत वरचा आणि खालचा एकाच कागदावर असतात. हे लक्षात राहत नाही कुणाच्या."

"त्या पहिल्या पानावर काय होतं?"

"पुढच्या पानावर उमटलंय. इतकं दाबून लिहिणारा हात आपल्याकडे एकच आहे."

बाईंनी वही दिव्याखाली धरली आणि वर्गात वाचावं तसं वाचलं. "'सारख्या दिसणाऱ्या औषधांसाठी वेगळं कपाट हवं, असं फार्मसीने मला सांगितलं. समितीच्या पाहणीत अर्धवट काम दिसू नये म्हणून मी ते पुढे ढकललं. ही माझी चूक.'" त्यांनी मान वर केली. "खाली सही आहे. साहेब?"

साहेबांनी नाकारलं नाही. कोटाच्या आतल्या खिशातून बायबल काढलं. बायबलमधून चार घड्या घातलेला एक कागद.

"समिती गेली आणि मी विसरलो," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "प्रमाणपत्र आलं, सत्कार झाला. मंगळवारी सुतारआजोबांचं कळलं तेव्हा आठवलं. बुधवारी दुपारी चॅपेलमध्ये गेलो आणि माझं पान ओढलं. हे दुसरं आपोआप हातात आलं. वाचलं तेव्हा... परत ठेवलं असतं तर दोन्ही ठेवावी लागली असती."

"फाडून का नाही टाकलंत?"

"धीर झाला नाही. परत ठेवायचाही झाला नाही. मी घाबरलो होतो."

दुसऱ्या टोकावरून सिस्टर बोलल्या. "मंगळवारी मीही घाबरले होते, साहेब. तरी लिहिलं. कारण पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतं मला, लिहिलं की हलकं वाटतं."

साहेबांनी मान खाली घातली.

बाईंनी सिस्टरचं पान वाचलं, सिस्टरसमोरचा आरोपपत्राचा कागद उचलला आणि मधोमध फाडला. "तुम्ही आयसीयूत जा. आजोबा विचारत असतील."

सिस्टर दारापर्यंत गेल्या, पण बाहेर पडल्या नाहीत.

काकांनी खिशातून सुई-दोरा काढला. तो कागद त्यांनी घडीत पुन्हा बसवला, तीन टाके घातले, दोरा दातांनी तोडला. मग पुढचं कोरं पान उघडून वही साहेबांपुढे सरकवली.

"दुसऱ्याने आधी शोधलं," साहेब पुटपुटले. "म्हणजे नियमाप्रमाणे मला माफी नाही."

"नाही," बाई म्हणाल्या. "सोमवारपासून तुमची खुर्चीही नाही. पण लिहायचं आहेच. आणि या वेळी वाचनही होईल. मी स्वतः वाचेन, नाव न गाळता."

साहेबांनी पेन उघडलं. कितीतरी वेळ लिहीत होते.

ते उठल्यावर काकांनी सवयीने खालची पानं चाळून पाहिली. अक्षरं तीन पानं खोल उमटली होती. पुढच्या तीन चुका ज्या कुणाच्या असतील, त्यांना त्या साहेबांच्या अक्षरांवरच लिहाव्या लागणार होत्या.