चाकणहून येईपर्यंत

माझी फूफी, म्हणजे आत्या, रोशनबी १९५७ च्या मार्चात वारली. चिंचवड गावठाणात नदीकडच्या आळीत आमच्या दोन खोल्या होत्या. विसाव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी आली, ती कायमची. माझी आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. गाव मात्र तिला ओळखायचं ते तिच्या कामामुळं. मुसलमानाच्या घरी बाई वारली की मय्यतीला आंघोळ घालायला तिलाच बोलावणं यायचं. मानमोडीच्या साथीत एका दिवसात अकरा जणींना तिनं आंघोळ घातली होती. साठ वर्षं तिनं हेच केलं. घरी आली की भिंतीला टेकून बसायची, भाकरीसुद्धा नको म्हणायची.

काम करताना ती मय्यतीशी बोलायची. "हात सैल सोड, बाई. झालंच आता." मग ताठरलेले हात खरंच सैल पडत, असं बायका सांगत. मी पिंपरीच्या एका कंपनीत फिटर. कोमट पाण्यानं होत असेल, म्हणायचो.

शेवटच्या वर्षी ती फार थकली. एकदा म्हणाली, "जहीर, सगळ्यांचं केलं. माझं कोण करील?"

"चाकणच्या खातूनबी आहेत की."

"चाकण लांब हाय, बाबा. मला ताटकळत ठेवू नकोस. आता न्हाई सोसायचं."

त्या गुरुवारी रात्रपाळी करून सकाळी आलो, तर ती अंथरुणात गार पडलेली. शेजारच्या मंजुळाबाईंना उंबऱ्यावर बसवून मी सायकलीवर चाकणला निघालो. मोशीच्या पुढं चेन तुटली. डोळ्यांत झोप, डोक्यावर ऊन, आणि हातात ढकलायची सायकल. तिचं बोलणं सारखं आठवत होतं. चाकणला कापूर घेतला, खातूनबींना घेतलं आणि एस.टी.नं परतलो, तेव्हा तीन वाजून गेले होते.

मंजुळाबाई उंबऱ्यावरच होत्या. खातूनबींना बघून त्या उठल्या.

"या आत्ता आल्या? मग आत कोन हाय?"

"कुणी नाही, मावशी."

"बारापास्नं पानी वतल्याचा आवाज येतुया. कुनीतरी हळू बोलत बी व्हतं. मला वाटलं, तुमच्यातल्या बाया आल्या. म्हनून म्या डोकावले न्हाई."

"तुम्ही तर दारातच बसलाय. त्या येतील कुठनं?"

 आमच्या घराला दुसरं दार नव्हतं.

खातूनबी बाह्या सावरून आत गेल्या. लगेच बाहेर आल्या.

"जहीर, हिला आंघोळ कुणी घातली? फक्त कफन बांधायचं राहिलंय."

मी आत गेलो.

फरशी ओली होती. कापराचा वास सुटला होता. माझ्या कापराची पुडी अजून खिशातच होती.

फूफी आंघोळीच्या फळीवर होती. अंगावर स्वच्छ पांढरी चादर. ओल्या केसांचे दोन भाग करून छातीवर घेतलेले.

चेहऱ्यावर थकवा तेवढा होता.

खातूनबींनी चादरीखालून तिचा हात काढला आणि तळवा माझ्याकडं वळवला.

बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती. फार वेळ पाण्यात काम केल्यावर होतात तशी.