नाव घेणार नाही

हिंगोलीच्या स्टेशनावर गाडी उशिरा येणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. पण मनकर्णेला त्या दिवशी दम निघेना. पूर्णेला मावशीकडे बारशाला जायचं होतं, आत्या मंजुळाबाई बोचक्यावर बसून डुलक्या घेत होती, आणि विचारावं तर फलाटावर चिटपाखरू नाही. शेवटी तिने पदर खोचला, तारेच्या खिडकीपाशी गेली आणि आत कट्-कट् करत बसलेल्या तरण्या बाबूला थेट इंग्रजीत हुकूम सोडला—

"व्हेन द ट्रेन विल कम, टेल मी!"

बाबूने मान वर केली. मोठी लढाई नुकतीच संपली होती, जग म्हणे बदललं होतं. पण पोरीबाळींनी खिडकीवर येऊन इंग्रजी बोलावं इतकी काही हिंगोली बदलली नव्हती. त्याच्या मिशीखाली हसू आलं. त्याने ते दाबलं... पण जरा उशिराच.

"हसायला काय झालं?"

"काही न्हाई. वाक्य चुकलं तुमचं. 'व्हेन' लावला की त्याच वाक्यात 'विल' लागत न्हाई. व्हेन द ट्रेन कम्स—"

"काहून लागत न्हाई? गाडी अजून यायचीच हाय ना?"

"व्हय."

"मग यायच्या गाडीला आल्यावानी काहून बोलायचं? हे खोटंच झालं की!"

"आता इंग्रज तसंच बोलतात, त्याला मी काय करू?"

"इंग्रजांचं नका सांगू मला. तुमी सांगा, तुमाला पटतं का?"

बाबू विचारात पडला. आजवर त्याला हे कोणी विचारलंच नव्हतं. तो तोंड उघडणार तोच मागून शिट्टी झाली, धूर आला, गाडी फलाटाला लागली. मंजुळाबाई दचकून उठली, बोचकं घेऊन डब्यात चढली आणि खिडकीतून ओरडू लागली, "मना... ए मना! कुठं मेली ही पोरगी?"

"गाडी आली," बाबू म्हणाला.

"दिसतंय मला!" मनकर्णा म्हणाली आणि पळाली.

राग गाडीचा नव्हता, त्या 'विल'चा होता. ह्याच इंग्रजीने तिला मागच्या साली मॅट्रिकला आपटवलं होतं. निजामाच्या राज्यात शाळेतलं सगळं शिक्षण उर्दूत, म्हणून तिने घरी अभ्यास करून सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात, वाशीमला जाऊन परीक्षा दिली होती. बाकीच्या विषयांत पास, इंग्रजीत नापास. आई लहानपणीच गेलेली. वडील दगडोबा, मोंढ्याच्या बाजारात हळदीची आडत, माणूस वाईट नव्हता. पण त्यांनी यंदा बजावून ठेवलं होतं, "पास झालीस तर अमरावतीला मास्तरीण व्हायला धाडतो. नापास झालीस तर आखाडा बाळापूरच्या किसनरावांना होकार. मग रडायचं न्हाई."

किसनराव बिजवर, शेतीभाती मोप. मुलगी पाहायला आले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "भाकरी पातळ येती का?" मनकर्णेने "जाड" म्हणून सांगितलं, तरी ते हटले नव्हते.

बारशाहून परत आल्याबरोबर तिने वडिलांना गाठलं. "दादा, शिकवणी लावा. स्टेशनातल्या तारबाबूची."

दगडोबांनी चौकशी केली. शंकरसिंग त्याचं नाव, गुलाबसिंग पेन्शनरांचा मुलगा. जुन्या इंग्रजी छावणीबरोबर उत्तरेतून आलेलं परदेशी कुटुंब, पिढ्यान् पिढ्या हिंगोलीत राहिलेलं, कोणाच्या अध्यात ना मध्यात. दगडोबांनी हो म्हटलं. मात्र बसायचं ओसरीवर, दार सताड उघडं, आणि दोघांच्या मधे मंजुळाबाई, वाती वळत.

हळद शिजवायचे दिवस होते. वाड्यामागच्या कढयांतून वाफ उठायची, सगळी गल्ली त्या उग्र मातकट वासाने भरून जायची. मनकर्णेची बोटं पिवळीधम्मक. पाटीवर तिचा हात फिरला की अक्षरं पिवळी व्हायची.

"लग्नाआधीच हळद लागली वाटतं," पहिल्याच दिवशी शंकरसिंग पाटी पुसताना म्हणाला.

"आमच्यात बारा महिने लागते. तुमी 'इफ' शिकवा."

तो 'इफ' शिकवू लागला. अमुक झालं तर तमुक होईल. पुस्तकातली वाक्यं लंडनच्या धुक्याची आणि कुठल्याशा जॉनची. ती तिच्या डोक्यात शिरेनात. मग त्याने घरची वाक्यं काढली. दुसऱ्या कोणाची नावं घालणं बरं दिसत नाही म्हणून स्वतःचंच नाव घातलं. तिला तर आयतंच सापडलं!

"शंकरसिंग उशिरा आला, तर मनकर्णा दार लावून घेईल," ती ठसक्यात इंग्रजीत म्हणायची.

"बराबर. आता दुसरं."

"शंकरसिंगानं नीट शिकवलं न्हाई, तर मनकर्णा त्याची सायकल कयाधू नदीत टाकील!"

"व्याकरण बराबर हाये," तो गंभीरपणे म्हणायचा. "सायकल रेल्वेची हाये, तेवढं ध्यानात ठेवा."

मंजुळाबाईला त्यातलं अक्षर कळत नसे. पण वाती वळता वळता ती हसू लागली. पोरगी भांडते आहे आणि पोरगा खूश होतो आहे, हे कळायला इंग्रजी कशाला लागतं?

असं चाललं होतं. आणि मग एक दिवस शंकरसिंग आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हिवतापाने धरलं होतं म्हणे. मनकर्णा ओसरीवर पुस्तक उघडून बसायची, रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की मान वर करायची, आणि दूधवाला असला की त्याच्यावरच डाफरायची. जेवण गोड लागेना. आरशात बघितलं तर आपलाच चेहरा ओळखू येईना. मग तिला कळलं. अगदी सरळ, लख्ख कळलं. ह्या माणसावर आपला जीव जडला आहे, आणि आता त्याला काही इलाज नाही.

तो परत आला तेव्हा सदरा अंगावर लोंबत होता. बसल्या बसल्या म्हणाला, "अभ्यास बुडाला. चला, वाचा हे वाक्य."

तिने वाचलं. 'इफ' म्हटलं... मग थांबली... आणि पुढचं भरभर वाचून टाकलं.

"मधला शब्द राहिला."

"कुठं?"

"हा. माझं नाव."

ती पुन्हा 'इफ' म्हणाली, पाटीकडे बघत राहिली, आणि पुन्हा तेवढाच शब्द गिळून पुढे गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. शंकरसिंग घाबरलाच. त्याने ते नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं, सुटंसुटं करून दाखवलं. "येवढ्या दिवसांत अक्षरं विसरलात? परीक्षा तोंडावर आली, मनकर्णाबाई! म्हणा... शं... कर..."

"न्हाई म्हणत."

"काहून?"

मंजुळाबाईचे हात वातीवर थांबले. तिने भाचीकडे बघितलं, मग त्या बावळटाकडे.

"बाबू, माझ्या घरधन्याचं नाव काय, सांग बरं."

"मला कसं ठाऊक असंल, आत्याबाई?"

"हिला बी ठाऊक न्हाई माझ्या तोंडून. लगीन झालं तवापासून कुनी ऐकलं न्हाई. बाईमानूस कुनाचं नाव घेत न्हाई रे? तुझी माय घेती का तुझ्या बापाचं?"

शंकरसिंगने पाटीवरच्या स्वतःच्या नावाकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा असा काही उजळला, आणि लगेच असा काही पडला, की मनकर्णेला हसावं का रडावं कळेना.

"मी परदेशी," तो हळूच म्हणाला. "तुमची जात, तुमचे दादा... किसनराव..."

"पुढचं वाक्य द्या," मनकर्णा म्हणाली. "परीक्षा तोंडावर आलीय ना?"

त्याने वाक्य दिलं.

अशा गोष्टी झाकून राहत नाहीत. मनकर्णेचं बिंग तर बैलानेच फोडलं. गोठ्यातल्या बैलाचं नाव होतं शंकऱ्या, आणि तिने एकाएकी त्याला महादू म्हणायला सुरुवात केली. बैल काही ओ देईना. कयाधूवर धुणं धुताना बायकांनी ही गोष्ट हसत हसत ऐकली, मग हसायच्या थांबल्या आणि एकमेकींकडे बघू लागल्या. आठवडाभरात आखाडा बाळापूरला खबर पोचली.

परीक्षेच्या तोंडावर किसनराव आले. बरोबर त्यांची थोरली बहीण नानीबाई, बोलायला गोड आणि नजरेला सुई. चहा झाला. नानीबाईने मनकर्णेला समोर बसवलं.

"शिकती म्हणं पोरगी. चांगलं हाये. शिकवतं कोण ग?"

"तारबाबू."

"नाव असंल की त्याला."

मनकर्णेने कपबश्या गोळा करायला घेतल्या. दगडोबा म्हणाले, "शंकरसिंग. गुलाबसिंगाचं पोरगं."

"तुमी नका सांगू, दगडोबा. पोरीला सांगू द्या. मास्तराचं नाव घ्यायला काय जातं? एकदा घेऊ द्या आमच्या म्होरं, की आमच्या मनातलं किल्मिष गेलं. साखर वाटून मोकळं होऊ."

नेमका तेव्हाच शिकवणीसाठी आलेला शंकरसिंग पायरीशी सायकल धरून उभा राहिला. त्याने सगळं ऐकलं होतं.

दगडोबांना आता उमगलं. "मना, घे नाव. नाव घेतलंस तर परीक्षेला धाडतो. न्हाई घेतलंस तर आजपासून पुस्तक बंद."

"न्हाई घेणार."

"मनकर्णाबाई," पायरीवरून शंकरसिंग कळवळून म्हणाला, "घ्या हो! परीक्षा हाये तुमची... एक नाव तर घ्यायचं. मला काही वाटणार न्हाई."

ती गर्रकन त्याच्याकडे वळली. "तुमाला न्हाई वाटणार, मला वाटंल! तुमी मधी बोलू नका." मग वडिलांकडे बघून म्हणाली, "दादा, पुस्तक बंद करा, कोंडून ठेवा. हे नाव मी मास्तराचं म्हणून घेणार न्हाई. खोटं बोलून परीक्षेला बसायचं, तर त्या परीक्षेला काय करू?"

दगडोबांचा हात वर गेला. तो खाली यायच्या आत मंजुळाबाई मधे उभी होती. मांडीवरच्या वाती ओसरीभर पसरल्या.

"नाव ऐकायचंय ना तुमाला? मी घेते. सटवाजी!"

सगळे थिजले. हे नाव त्या घरात तिच्या तोंडून कधीच ऐकू आलं नव्हतं.

"सटवाजी! नांदायला गेले अन् वर्सभरात टाकून मुंबईला गेला. परत तोंड दावलं न्हाई. त्याचं नाव मी जलमभर गिळलं, दगडू. तुमी पसंत केलेला, जातीतला, वाजतगाजत आणलेला! काय भेटलं मला?" तिने पायरीकडे बोट केलं. "हिनं गिळलेल्या नावाचा मानूस निदान दारात उभा तर हाये. तापातून उठल्या उठल्या शिकवाया आलेला. हात लाव पोरीला, मग मी बी ह्या घरात न्हाई."

दगडोबा मटकन खाली बसले. थोरल्या बहिणीच्या दुःखावर घरात कोणी कधी बोललं नव्हतं, आणि तेच सगळ्यांत मोठं पाप होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. मग ते नानीबाईंना म्हणाले, "बाई, उन्हं उतरायच्या आत निघा. रस्ता खराब हाये."

पाहुणे गेले. शंकरसिंगला ते एवढंच म्हणाले, "बाबू, तू आता येऊ नगंस." आणि मनकर्णेला, "परीक्षा दे. बाकीचं मला विचारू नको."

तिने विचारलं नाही. शिकवणी बंद, सायकलची घंटी बंद. ती एकटी बसून वाक्यं घोकत राहिली, दात-ओठ खाऊन. कोणी विचारलं तर ठणकावून सांगायची, की मी त्याचीच वाट बघते आहे. मग कोणी विचारेना.

परीक्षेला दगडोबांनी स्वतः बैलगाडी जुंपली. मंजुळाबाई मागे बसली. कनेरगावच्या नाक्यावर शिपायाने गाडी थांबवली. इकडे निजामाचं राज्य, तिकडे वऱ्हाड. झाडाखाली धुळीने माखलेला शंकरसिंग सायकल घेऊन उभा होता. कामावर रजा टाकून पहाटेच निघाला असणार. दगडोबांनी त्याला पाहिलं आणि मान फिरवून शिपायाशी बोलत बसले.

शंकरसिंग गाडीपाशी आला. तोंड सुकलेलं होतं.

"मनकर्णाबाई... अभ्यास झाला?"

"झाला."

"आणि... देव न करो, पण नापास झालात तर?"

मनकर्णेने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग मुद्दामच मोठ्याने, पुढच्या माणसाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "तर पुढच्या साली तुमच्या घरून परीक्षेला बसंन."

"आणि पास झालात तर?"

"तर तुमच्या घरून शाळंत शिकवाया जाईन."

शंकरसिंगच्या डोळ्यांत पाणीच आलं. मंजुळाबाईने पदर तोंडाला लावला. शिपाई कागद परत देऊन कधीच बाजूला झाला होता, तरी दगडोबा तसेच बसून राहिले, कासरा हातात धरून. मग घसा खाकरून, मागे न बघताच म्हणाले,

"बाबू, ती सायकल गाडीच्या मागं बांध अन् वर ये. भाकरी चौघांना पुरंल."